चकली खायला सोऱ्या लागत नाही : सॉफ्टवेअर कशाकशावर उभं आहे, ते नवख्यासाठी कसं लिहून ठेवावं

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयासाठी मी सभासदांची कार्डं छापणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. माझ्या लॅपटॉपवर तो वर्षभर बिनतक्रार चालला. मग वाचनालयात नवा कॉम्प्युटर आला, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली, माझं पॅकेज टाकलं आणि पहिलंच कार्ड छापून आलं ते रिकाम्या चौकोनांचं. नावाच्या जागी चौकोन, पत्त्याच्या जागी चौकोन. घाईघाईत कुठूनतरी एक देवनागरी फॉन्ट उतरवून घेतला. बाकीची अक्षरं उमटली, पण 'गोऱ्हे' या आडनावातला ऱ्ह काही जुळेना. ऱ पाय मोडून एकटा, ह शेजारी वेगळा. ग्रंथपालबाईंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अहो, हे त्यांना द्यायचं कसं? नावच मोडलंय त्यांचं."

प्रोग्रॅममध्ये एक ओळही चुकलेली नव्हती. तो कशाकशाच्या आधारावर उभा आहे, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर त्या सगळ्या गोष्टी आधीपासून होत्या, म्हणून त्या लागतात हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हा विषय आता फक्त हौशी मंडळींचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं 'सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बाकरवडीच्या पाकिटामागे घटकांची यादी असते, तशी सॉफ्टवेअरची यादी. त्याआधी ऑगस्ट 2024 मध्ये सेबीनंही आपल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत अशा यादीचा आग्रह धरला. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांमध्ये हे काम बहुतेक वेळा नुकत्याच लागलेल्या मुलामुलींकडे येतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांना 'अपडेट केलं आणि चालू असलेलं बंद पडलं' एवढाच अनुभव आहे, त्यांच्यासाठीही.

पॅकेज आणि डिपेंडन्सी

पॅकेज म्हणजे कॉम्प्युटरवर नीट बसवता येईल अशा रीतीनं बांधलेलं सॉफ्टवेअर. ते बांधणारा तो पॅकेजर. एका सॉफ्टवेअरला चालायला दुसरं लागत असेल, तर ते दुसरं म्हणजे पहिल्याची डिपेंडन्सी. शब्द एवढेच.

प्रत्येकानं सगळं स्वतः लिहायचं म्हटलं तर कुणाचंच काम पुरं होणार नाही. फोटो उघडायचा, फाइल दाबून लहान करायची, अक्षरं जुळवायची, ही कामं आधीच कुणीतरी चोख करून ठेवलेली असतात. त्या तयार तुकड्यांना लायब्ररी म्हणतात. डेबियन हे लिनक्सचं एक वितरण, म्हणजे तयार संच, 1993 मध्ये सुरू झालं आणि आज त्यात साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. ती एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, आणि कोण कुणाच्या खांद्यावर हे प्रत्येक पॅकेजच्या कपाळावर लिहिलेलं असतं. ते लिहिणं हे पॅकेजरचं काम.

करायला लागतं ते आणि खायला लागतं ते

चकली करायची तर भाजणी हवी, मोहन हवं, तळणीचं तेल हवं आणि सोऱ्या हवा. चकली खायची तर यातलं काहीच नको. फार तर लोण्याचा गोळा.

सॉफ्टवेअरचं अगदी असंच असतं. काही गोष्टी ते तयार करताना लागतात : कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, चाचण्या घेणारी साधनं, लायब्ररींच्या 'डेव्ह' म्हणजे बांधणाऱ्यासाठीच्या आवृत्त्या. काही गोष्टी वापरताना लागतात. डेबियनमध्ये पहिल्यांना बिल्ड-डिपेंड्स म्हणतात, दुसऱ्यांना डिपेंड्स. फेडोरा या दुसऱ्या वितरणात बिल्डरिक्वायर्स आणि रिक्वायर्स. नवख्या पॅकेजरची सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे. सगळं एकाच यादीत कोंबलं, तर वाचनालयाच्या बिचाऱ्या कॉम्प्युटरवर कंपायलरसुद्धा येऊन बसतो. म्हणजे चकलीच्या डब्याबरोबर प्रत्येक पाहुण्याच्या घरी एकेक सोऱ्या पाठवल्यासारखं. उलटी चूक झाली तर पुढच्या माणसाकडे भाजणी आहे, तेल आहे, पण चकली पाडायला काही नाही.

यादीत काय लिहायचं नाही, हेही ठरलेलं असतं. पाककृतीत आपण 'गॅस घ्या' असं लिहीत नाही. डेबियनमध्ये 'बिल्ड-इसेन्शियल' नावाचा संच घरात असणारच असं धरतात. त्यात सी भाषेचा कंपायलर येतो, म्हणून तो वेगळा नोंदवावा लागत नाही. पण हे गृहीत धरणं घरोघरी वेगळं असतं आणि बदलतंही. फेडोरानं 2018 मध्ये, 29 व्या आवृत्तीच्या वेळी, कंपायलर गृहीत धरणं थांबवलं. तेव्हापासून तिथे तो नावानिशी लिहावा लागतो. पायथन या भाषेबरोबर वर्षानुवर्षं डिस्टयुटिल्स नावाचं पॅकेज बांधायचं एक साधन फुकट यायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या पायथन 3.12 मधून ते काढून टाकलं, आणि ज्यांनी त्याचा कधी उल्लेखही केला नव्हता अशी कितीतरी जुनी पॅकेजेस तयारच होईनात. आजवर घरात होतं, आता दुकानातून आणावं लागतं, एवढाच फरक. पण यादीत नाव नसेल तर नव्या माणसाला काय आणायचं हे कळणार कसं?

हवंच, असलं तर बरं, आणि एकत्र नको

पुरणपोळीला पुरण हवंच. तूप असायला हवं, पण नसलं तरी पोळी खाता येते. कटाची आमटी असली तर बहार. डेबियनमध्ये या तीन पायऱ्यांना अनुक्रमे डिपेंड्स, रेकमेंड्स आणि सजेस्ट्स अशी नावं आहेत. चौथी कॉन्फ्लिक्ट्स : या दोघांना एका ताटात वाढू नका.

यातली मधली पायरी फसवी. एप्ट हा डेबियनचा इन्स्टॉलर रेकमेंड्समधल्या गोष्टी न सांगता बसवतो, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत दिसतं. पण सर्व्हरवर जागा वाचवण्यासाठी लोक रेकमेंड्स मुद्दाम बंद करतात. मग 'माझ्याकडे चालतं, तिकडे चालत नाही' हा वाद सुरू होतो आणि दोघंही खरं बोलत असतात. माझ्या कार्डाच्या प्रोग्रॅमला फॉन्ट 'असला तर बरं' या पायरीवर ठेवून चालणार नव्हतं. ज्याचं सगळं काम मराठी नावं छापण्याचं, त्याला फॉन्टशिवाय अर्थच नाही.

आधाराचा आधार

भाजणीत तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने, जिरे असतात. आपण चकलीच्या यादीत फक्त 'भाजणी' लिहितो. पण धनेच खवट निघाले तर चकली बिघडतेच. डिपेंडन्सीची डिपेंडन्सी ही अशी.

22 मार्च 2016 रोजी जावास्क्रिप्ट या भाषेतली पॅकेजेस जिथे मिळतात त्या एनपीएम या भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं काढून घेतलं. मजकुराच्या डावीकडे जागा भरणं, एवढंच त्याचं काम. पण बेबलसारखी मोठी साधनं आतून त्यावर टेकलेली होती आणि जगभरात लोकांचं काम अडलं. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जावा लायब्ररीत मोठी फट सापडली, तेव्हा दुरुस्ती लगेच आली. पण 'आपल्याकडे ही लायब्ररी कुठेकुठे आहे' हेच अनेकांना सांगता येईना, कारण ती त्यांनी स्वतः घेतलेलीच नव्हती. घेतलेल्या दुसऱ्या कशाच्या तरी पोटात ती बसलेली होती.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती मार्च 2024 ची गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनानं, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्याशा उशिराचा माग काढत तो एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साधनापर्यंत पोचला. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. 29 मार्चला त्यानं ते जाहीर केलं.

आता प्रश्न असा की, दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्याचा आणि फाइल दाबण्याचा संबंध काय? ओपनएसएसएच या एसएसएचच्या मूळ प्रोग्रॅमला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. पण डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी त्यात एक छोटी भर घातली होती : सेवा सुरू झाली की सिस्टिमडी या सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाला 'मी तयार आहे' असं कळवायची. त्यासाठी सिस्टिमडीची लायब्ररी आली. तिला एक्सझेडची लायब्ररी लागत होती, ती मागोमाग आली. एका निरोपापायी अख्खं बिऱ्हाड आत आलं. प्रत्येक पायरी कागदावर बरोबर होती. 'हे इथे कशासाठी आहे?' हा प्रश्न कुणी साखळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारलेला नव्हता.

"पण हे सगळं मशीनच शोधून काढतं ना?"

बरंचसं काढतं, आणि काढू द्यावं. डेबियनचं एक साधन तयार झालेली फाइल उघडून ती कुठल्या लायब्ररींना जोडलेली आहे ते वाचतं आणि डिपेंड्सची यादी स्वतःच भरतं. हे हातानं लिहीत बसू नये. माणूस चुकेल, ते चुकणार नाही.

पण त्याला दिसतं ते फक्त जोडकाम. प्रोग्रॅम चालू असताना गरज पडेल तेव्हाच उघडलेली लायब्ररी त्याला दिसत नाही. प्रोग्रॅमनं बाहेरून बोलावलेला दुसरा प्रोग्रॅम दिसत नाही. आणि फॉन्ट तर नाहीच नाही. 'गोऱ्हे' हा शब्द कॉम्प्युटरकडे ग, ओची मात्रा, ऱ, हलंत, ह, एची मात्रा असा सहा तुकड्यांत येतो. ते तुकडे जुळवून त्यातून ऱ्ह उभा करायचं काम हार्फबझसारखी लायब्ररी करते, पण कुठला तुकडा कसा दिसतो हे तिला फॉन्ट सांगतो. लायब्ररी असून फॉन्ट नसेल तर चौकोन. फॉन्ट असून त्यात ऱ्ह नसेल तर मोडलेलं आडनाव. मराठीतला ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असली तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमनं सांगावं लागतं. यातलं काहीच यंत्राच्या यादीत उमटत नाही. सोऱ्या, वऱ्हाड, दऱ्याखोऱ्या लिहिणाऱ्या माणसालाच ते दिसतं. मी शेवटी घेतला तो लोहित देवनागरी. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला हा फॉन्ट, आणि त्यांनी तो सांभाळला म्हणून माझं काम झालं, हे मला इथे लिहायलाच हवं.

सिस्टिमडीच्या नव्या आवृत्त्यांनी यावर एक चांगली पद्धत काढली आहे. गरज पडल्यावरच उघडायच्या लायब्ररींची नोंद त्या फाइलच्या आतच ठेवतात. त्या नोंदीत लायब्ररीचं नाव असतं, ती कुठल्या सोयीसाठी लागते ते असतं, थोडक्यात वर्णन असतं आणि ती किती आवश्यक आहे तेही असतं. यंत्रासाठी केलेल्या नोंदीतही 'कशासाठी' याला जागा द्यावी लागली, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

नाव, आवृत्ती आणि कारण

माझ्या पॅकेजमधली एक नोंद आधी अशी होती :

बिल्ड-डिपेंड्स: लिबक्यूआरएनकोड-डेव्ह

आता अशी आहे :

# कार्डामागचा क्यूआर कोड काढायला. फक्त छपाईच्या भागात वापर.
# नसेल तर कार्ड छापतं, पण मागची बाजू कोरी राहते.
# फेडोरात याचं नाव क्यूआरएनकोड-डेव्हल.
बिल्ड-डिपेंड्स: लिबक्यूआरएनकोड-डेव्ह

खरी फाइल अर्थातच रोमन अक्षरांत आहे. पण तीन ओळींनी काय बदललं ते बघा. का लागतं ते कळलं. नसेल तर काय बिघडेल ते कळलं, म्हणजे बिघाड दिसल्यावर कुठे बघायचं तेही कळलं. आणि दुसऱ्या गावात त्याला काय म्हणतात ते कळलं. हे शेवटचं नवख्याचे तास वाचवतं. एकच लायब्ररी डेबियनमध्ये लिबएसएसएल-डेव्ह असते आणि फेडोरात ओपनएसएसएल-डेव्हल. पायथनच्या कोडमध्ये 'पीआयएल' म्हणून बोलावतात ते भांडारात 'पिलो' नावानं मिळतं. घरचं नाव बंड्या आणि रेशनकार्डावर वेगळंच, तसं.

आवृत्तीबद्दलही हेच. 'किमान 3.2' एवढं लिहिलं तर पुढच्याला कळत नाही की 3.2 मध्ये आलेली एखादी सोय खरंच लागते, की लिहिणाऱ्याच्या मशीनवर त्या दिवशी 3.2 होतं म्हणून लिहिलं. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी फार आढळतात. त्या जुन्या मशीनवाल्यांना विनाकारण दाराबाहेर ठेवतात. आणि 'अमुक आवृत्तीपेक्षा नवी नको' असं लिहायचं असेल तर कारण नक्की लिहावं, शक्य असेल तर ही अट कधी काढता येईल तेही. नाहीतर ती अट वर्षानुवर्षं तशीच पडून राहते आणि तिच्या आडून जुने सुरक्षादोषही टिकून राहतात.

ही यादी ज्यात असते त्या डेबियनच्या कंट्रोल फाइलमध्ये आणि फेडोराच्या स्पेक फाइलमध्ये # नं सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, म्हणून कारण तिथल्या तिथे लिहिता येतं. एनपीएमची यादी जेसन नावाच्या साच्यातल्या फाइलमध्ये असते, तिथे ही सोय नाही. तिथे शेजारी साधी मजकुराची फाइल ठेवावी.

दही लावायला दही

काही डिपेंडन्सी गोल फिरतात. रस्ट भाषेचा कंपायलर तयार करायला आधीच्या आवृत्तीचा रस्ट कंपायलर लागतो. नवखा इथे डोकं धरून बसतो. उत्तर विरजणाचं आहे : पहिलं शेजारून आणायचं. सगळ्यात पहिला रस्ट कंपायलर ओकॅमल या दुसऱ्याच भाषेत लिहिलेला होता. तुमच्या पॅकेजमध्ये असा गोल असेल, तर पहिलं विरजण कुठून आणलं, ते एका ओळीत लिहून ठेवा.

"सगळं कंटेनरमध्ये घातलं की प्रश्नच मिटला"

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बंद करून पाठवणं. सोयीचं आहे, मीही वापरतो. पण डबा बंद केल्यानं आत काय आहे ही माहिती वाढत नाही. लॉग4जेसारखी बातमी पुन्हा आली की प्रत्येक डबा उघडून बघावं लागतं. शिवाय डब्यात काय भरायचं याची यादी लिहावी लागतेच, आणि तिथेही 'हे का?' याचं उत्तर नसतं.

एआयला विचारायचं हा नवा मार्ग. तो कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासानं सांगतो, आणि अशी नावं आधीच पटकावून त्यात घातक कोड ठेवणारे लोक आहेत. नाव सांगितलं तर भांडारात जाऊन ते कुणाचं आहे ते बघा, मगच यादीत घाला.

"एवढं लिहायला वेळ कुणाला आहे?"

हा आक्षेप मला समजतो. संध्याकाळी साडेसातला हिंजवडीच्या पुलावर बसमध्ये अडकलेल्या माणसाला 'कागदपत्रं नीट लिहा' असं सांगणं सोपं नाही. म्हणून सगळं एकदम लिहायला बसू नका. जेव्हा एखादी डिपेंडन्सी यादीत घालता, त्याच क्षणी तिचं कारण घाला. तेव्हा ते डोक्यात ताजं असतं आणि अर्धं मिनिट लागतं. सहा महिन्यांनी तेच आठवायला एक दुपार जाते. माझ्या गेल्या आहेत.

'लिहिलेलं जुनं होतं' हे खरं आहे, आणि त्यावर इलाज आहे. पॅकेज दर वेळी कोऱ्या खोलीत तयार करायचं. डेबियनमध्ये एसबिल्ड, फेडोरात मॉक ही साधनं एक रिकामं लिनक्स उभं करतात आणि यादीत लिहिलेल्या गोष्टीच तेवढ्या आत आणतात. यादीतून काही सुटलं असेल तर काम तिथेच थांबतं. सासरी पहिल्यांदा स्वयंपाक करताना कळतं ना, की आईच्या ओट्यावर नुसता हात लांब केला की काय काय मिळत होतं? तसंच. तयार करायची यादी अशी तपासली जाते. वापरायची यादी तपासायला तयार पॅकेज दुसऱ्या कोऱ्या खोलीत बसवून प्रत्यक्ष चालवावं लागतं. माझ्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की 'गोऱ्हे' छापून बघायचं.

नेटकी नोंद मोठ्या स्थलांतरात उपयोगी पडते. 19 जानेवारी 2038 ला 32 बिटांच्या आकड्यात सेकंद मोजून ठेवलेली वेळ संपते, आकडा त्यापुढे मावत नाही, म्हणून डेबियननं 2024 मध्ये हजारावर लायब्ररी पॅकेजेसची नावं बदलून त्यांच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा तयार केलं. कोण कुणावर टेकलंय हे लिहिलेलं नसतं, तर ते काम सुरूच करता आलं नसतं.

वाचनालयाचं पॅकेज आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी सांभाळते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, यादीत ते जुन्या प्रिंटरसाठीचं एक आहे ना, त्यावर तुम्ही लिहिलंय की ग्रंथपालांच्या टेबलावरचा प्रिंटर बदलला की काढून टाका. मी आज बघून आले, तो प्रिंटर माळ्यावर गेलाय. काढू?"

मी म्हटलं, काढ. तिनं काढलं, कोऱ्या खोलीत पुन्हा तयार केलं आणि छापलेल्या कार्डाचा फोटो पाठवला. ऱ्ह जुळलेला होता.